फेज

तान्ह्या पोळ्याला बोरटेकच्या सरपंचबाई तालुक्यात अडकल्या,
गुरुजींना ताप,
आणि मी नेमका खांबावरून उतरत होतो.
म्हणून परीक्षक मी. नेवारे वायरमन.
कमरेला पक्कड, खिशावर कुणीतरी टाचलेला बिल्ला.

तोरणाखाली बैल उभे.
सागवानी, चाकांचे, घुंगरांचे.
एक तर आज्याच्या आज्यानं घडवलेला,
दोन गड्यांनी उचलून आणला,
पोरगं मागून नुसतं दोरी धरून.
झडत्या झाल्या, हर हर महादेव झालं.
मी वहीत आकडे टाकत चाललो
मीटरचं रीडिंग घ्यावं तसे.

सगळ्यात शेवटी आचल कोडापे, इयत्ता दुसरी.
पाटीवर बैल.
मी तो ओळखला. म्हणजे, पोट ओळखलं:
जूनच्या वादळात फुटलेलं चिनी मातीचं इन्सुलेटर,
मीच डीपीखाली भिरकावलेलं.
पाय तुराटीचे.
शिंगं म्हणजे बाभळीचा जोडकाटा, जसाच्या तसा.
डोळ्यांना गुंजा.
वशिंड डिंकाचं, अजून ओलं,
त्यात एक मुंगी अडकलेली.
झूल कुरकुऱ्याच्या पुड्याची, आतली चंदेरी बाजू वर.
आणि नाकात वेसण माझ्या तारेची,
जोड मारून उरला तुकडा मी टाकून देतो ना,
ती.

एक पाय आखूड होता.
"लंगडते काय व?"
"नाही. बसला होता. आता उठून राह्यला."

"नाव काय ह्याचं?"
"फेज."

माणसं हसली. ती नाही हसली.
"तुमीच म्हणता ना रोज, फेज गेला, फेज गेला.
मायले म्हणता, सकाळी येईन.
म्या पाह्यलं त्याले, डीपीखाली पडून होता.
बांधून आणला.
आता नाही जात कुठी."

वीस वर्षं हा शब्द माझ्या तोंडात.
शिव्या खाल्ल्या त्याच्यापायी, मध्यरात्री चिखल तुडवला,
पण त्याला पाय असतील,
तो कंटाळून कुठं निघून जात असेल,
हे काही डोक्यात आलं नाही.

"खाते काय हा?"
"कुटार."
"अन् उजेड?"
"उजेड त्याचं शेण."

पहिला नंबर मी सागवानाला दिला.
खोटं कशाला सांगू,
त्यांच्याच घरी दुपारी जेवलो होतो.
आचलला उत्तेजनार्थ कंपास,
आणि माझ्याकडून बोजारा, दहा रुपये.
तिनं नोट उलटीपालटी करून पाह्यली.
"तार नाही काय?
जोडी लागते ना, बाप्पा."

रात्री साडेनऊला गाव गुडूप.
फोनवर फोन.
मी डीपीजवळ पोचलो तर पिशवीत
नवी फ्यूज तार नाही, किटकॅट तडकलेलं,
स्टोअरवाला दिवाळीपासून म्हणतोय, पुढच्या हप्त्यात.
बॅटरी खाली मारली.
एरवी मी वरच मारतो.
गवतात चार तुकडे लुकलुकले.
एक शेपूट. एक कान, बहुतेक.
इन्सुलेटरची आणखी एक कपची,
तिच्यात अर्धा घोडा होता,
मला दिसला, देवाशपथ दिसला,
मान खाली घालून चरणारा.

कपची खिशात टाकली, उद्यासाठी.
शेपूट पुसून घेतलं, लांबी पुरली.
आधी स्विच पाडला, मग चढलो.
वर तार पिळताना
आसपास कुणी नाही बघून
हळूच म्हटलं, हो... हो रे राजा...
ये.

स्विच वर केला.
आणि बोरटेकभर,
कोडाप्यांच्या दारात, समाजमंदिरावर, पाणंदीच्या खांबाखाली,
पडलं की शेण,
ताजं, पिवळंजर्द.